नाव माहीत आहे म्हणून काय झालं?

मागच्या अंकात डी अँड डी म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातल्या वॉरलॉक नावाच्या जादूगारावर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता 'खरं नाव' (एखाद्या जीवाचं लपवलेलं नाव, जे कळलं की त्याच्यावर जोर चालतो असं मानतात) हा शब्द वापरला, तर या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी त्याच एका शब्दावर आहेत, म्हणून हा अंक सगळा नावांना आणि बोलावलेल्या स्पिरिट्सना दिलाय. नियम जिथे सांगितलेत तिथे 2014 च्या पाचव्या आवृत्तीचे धरा कारण लिहिणारे बहुतेक तीच पुस्तकं घेऊन बसलेत, 2024 च्या नव्या पुस्तकात कन्ज्यूरवाले म्हणजे कोणालातरी बोलावणारे स्पेल (जादूचे मंत्र) बरेच बदललेत. आणि ज्यांनी हा खेळ कधीच बघितला नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक गोष्ट खेळतात, प्रत्येकाचं एक पात्र, एक जण डीएम म्हणजे बाकीचं सगळं जग, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो.

प्रश्न: ताई, आमच्या विझार्डने तीन सेशन खर्च करून एका डेमनचं खरं नाव मिळवलं. आता म्हणतो नाव माझ्याकडे आहे म्हणजे डेमन माझा, सांगेन ते करणार. मी पहिल्यांदाच डीएम झालोय. नाही म्हणावं तर त्याने खरंच मेहनत घेतलीय, हो म्हणावं तर कॅम्पेन तिथेच संपलं. काय करू? — नवखा डीएम, नाशिक

अरे आधी पुस्तक उघड, तुझं निम्मं टेन्शन तिथेच जाईल. खरं नाव कामाला येतं असे तीन स्पेल तुझ्या विझार्डच्या हाताला लागू शकतात आणि तिन्हींमध्ये नावाने काय मिळतं ते शांतपणे वाच. 'समन ग्रेटर डेमन' हा चौथ्या लेव्हलचा, 2017 च्या 'झॅनाथार्स गाइड' या जोडपुस्तकातला. डेमन येतो, तुझं ऐकतो, पण स्वतःच्या प्रत्येक टर्नच्या शेवटी करिश्मा सेव्ह म्हणजे सुटकेचा फासा टाकतो आणि एकदा जमला की सुटला, मग सगळ्यात जवळ जो कोणी डेमन नसेल त्याच्या अंगावर. त्याचं खरं नाव घेतलंस तर त्याला सेव्ह डिसअ‍ॅडव्हान्टेजने टाकावा लागतो, म्हणजे दोन फासे टाकून वाईट आकडा धरायचा. बस, एवढंच. सेव्ह टाकायचा हक्क कुठे गेलेला नाही.

त्याच पुस्तकात 'इन्फर्नल कॉलिंग' आहे, तो डेव्हिलसाठी, त्याला 999 सोन्याच्या नाण्यांचं माणिक लागतं (हजारला एक कमी का हे मला आजतागायत कळलेलं नाही). तिथे हुकूम द्यायचा म्हणजे तुझी करिश्मा चेक आणि त्याची इनसाइट यांची टक्कर, आणि नाव घेतलंस तर तुला अ‍ॅडव्हान्टेज. हरलास तर तो स्पेल संपेपर्यंत तुझ्या तोंडी हुकमाला बहिरा. त्यातली गंमत म्हणजे तुला पापाकडे ओढणारं काम सांगितलंस तर चेक वगैरे काही लागतच नाही, ते तो हौसेने करतो. आणि तिसरा 'गेट', नवव्या लेव्हलचा, 5,000 नाण्यांचा हिरा हातात, तिथे तर नाव अचूकच लागतं, टोपणनाव पदवी काही चालत नाही, आणि नाव घेतलं की समोरचा दुसऱ्या प्लेनवरून म्हणजे दुसऱ्या जगातून खेचला जातो, पण पुढच्याच ओळीत लिहिलंय की त्याच्यावर तुमचा काहीही ताबा नाही. येईल, बघेल, निघून जाईल, मदत करेल, नाहीतर डोकं उडवेल.

म्हणजे सगळ्यात महागड्या स्पेलमध्ये नाव म्हणजे फक्त हाक. तुझ्या विझार्डला सांग की बाबा तुला डेमनचा फोन नंबर मिळालाय, त्याने उचलून काय बोलायचं ते त्याच्या हातात.

आता मेहनतीचं. तीन सेशन घालवलेत तर त्याला काहीतरी ठोस मिळालंच पाहिजे यात मी तुझ्याच बाजूची आहे, नाहीतर पुढच्या वेळी कोणी काही शोधायलाच जाणार नाही. मी काय करते ते सांगते. नाव मी कधीच तोंडाने सांगत नाही, चिठ्ठीवर लिहून काडेपेटीत घालून देते. ज्याच्याकडे काडेपेटी त्यानेच उघडायची, आणि नाव वापरायचं असेल तर टेबलावर मोठ्याने वाचायचं. नीट बघ, स्पेलमध्येसुद्धा नाव 'उच्चारलं' तरच फायदा आहे, मनात म्हणून चालत नाही. आणि मोठ्याने म्हटलं की जो जो ऐकण्याच्या अंतरात आहे त्या सगळ्यांकडे ते नाव गेलं. आमच्या टेबलावर एकदा विझार्डने ऐन मारामारीत नाव घेतलं, डेमन तीन राउंड झुकला, सगळे खूश, टाळ्या बिळ्या, आणि कोपऱ्यात पोत्यात बांधून ठेवलेला एक गॉब्लिन कैदी होता तो कोणाच्या लक्षातच नव्हता. पुढच्या गावात त्यांनी त्याला दया येऊन सोडूनही दिला. त्याने ते नाव विकलं. मग डेमन आला तो विझार्डच्या मागे नाही तर ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या प्रत्येकाच्या मागे, एकेकाला गाठत, आणि आमची पुढची सात-आठ सेशन त्यावर चालली. तेव्हापासून काडेपेटी हातात आली की आमचे लोक आधी खिडक्या लावतात.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागू नये खरंतर. माझी आजी आजोबांचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची नाही, 'अहो' नाहीतर 'घरातले', आणि ते देखील मान वळवून. रात्री साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, जनावर म्हणायचं, नाव घेतलं तर येतो म्हणून. पत्रिकेतलं नाव एक असतं, हाक मारायचं दुसरं. आणि बारशाला नाव सगळ्यात आधी कुठे जातं? बाळाच्या कानात, आत्या कुर्र करून सांगते, मग बाकीच्यांना पेढे. मी एकदा डेमनला सरळ आत्याच दिली. त्याचं नाव ठेवणारी, अबिसमध्ये म्हणजे डेमनच्या पाताळात कुठल्याशा दलदलीत बसलेली म्हातारी, आणि पार्टीला नाव हवं तर तिच्याकडे जाऊन बसावं लागायचं, ती आधी दोन तास भावाच्या तक्रारी सांगायची. आजवरचा सगळ्यात आवडलेला एनपीसी (डीएमने चालवलेलं पात्र) तो.

प्रश्न: मॅजिक सर्कल उलटं काढायचं (म्हणजे आतला बाहेर पडू नये), त्यात कन्ज्यूर एलिमेंटलने अर्थ एलिमेंटल (मातीदगडाचा जीव) आणायचा, मग प्लॅनर बाइंडिंग मारून त्याला महिनाभर राबवायचं. आमचा डीएम म्हणतो एकटा विझार्ड हे करूच शकत नाही. पुस्तकात तर तिन्ही स्पेल विझार्डच्या लिस्टमध्ये आहेत. कोण बरोबर? — इंजिनीअरिंग तिसरं वर्ष, सांगली

डीएम बरोबर आहे, आणि त्याला वाटतंय त्याच्यापेक्षा जास्तच बरोबर आहे. घड्याळ लावून बघ. मॅजिक सर्कल एका मिनिटात होतं, 100 नाण्यांची चांदी-लोखंडाची पूड किंवा पवित्र पाणी संपतं, दहा फूट त्रिज्या, आणि तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने (स्लॉट म्हणजे स्पेलवर खर्च करायची ताकद) टाकलं तर टिकतं एक तास. एलिमेंटल आणायला अजून एक मिनिट. प्लॅनर बाइंडिंगचं कास्टिंगच एक तासाचं, त्याचं 1,000 नाण्यांचं रत्न जातं ते वेगळं. म्हणजे तुझं बाइंडिंग पूर्ण व्हायच्या आधीच रिंगण विझलेलं असणार. हे सोपं आहे, सर्कल चौथ्या लेव्हलच्या स्लॉटने टाक, दोन तास मिळतात.

खरी गोची पुढे आहे. एका अ‍ॅक्शनपेक्षा जास्त वेळ लागणारा कुठलाही स्पेल टाकताना पूर्ण वेळ कॉन्सन्ट्रेशन म्हणजे एकाग्रता लागते, आणि कन्ज्यूर एलिमेंटललासुद्धा कॉन्सन्ट्रेशनच लागतं, आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर धरता येतं. तू बाइंडिंगचा पहिला शब्द म्हटलास की एलिमेंटलवरचा ताबा गेला. तो नाहीसा होत नाही, तो चिडतो, आणि आणल्यापासून एक तास होईपर्यंत तिथेच राहतो. तू पूर्ण तासभर त्या चिडलेल्या दगडाच्या ढिगासमोर मंत्र म्हणत उभा. रेंज 60 फूट आहे तेवढं लक्षात ठेव, लोक उगाच रिंगणाच्या काठावर जाऊन उभे राहतात आणि मार खातात.

दुसरा कोणी एलिमेंटल आणून धरून ठेवला आणि तू बाइंडिंग केलंस तर ताब्याचा प्रश्न सुटतो, पण काटेकोर वाचलं तर तिथेही एलिमेंटल एका तासात जाणार आणि तुझं कास्टिंग तो आल्यानंतर सुरू होऊन एक तास चालणार, म्हणजे काही सेकंद कमीच पडतात! यावर लोकांनी फार भांडून झालंय. मी माझ्या टेबलावर ते सेकंद सोडून देते, दोन जण मिळून करत असतील तर जमलं म्हणते, कारण दोन माणसं एक तास एका जागी अडकून राहतात ही किंमत मला पुरेशी वाटते. तुझा डीएम सोडत नसेल तर त्याच्याशी वाद घालू नकोस, आधीपासून याच जगात असलेला एखादा एलिमेंटल शोध, त्याला वेळेची मर्यादाच नसते.

एकदा का तासभर निभावलं तर पुढचं मात्र सोपं, कारण अर्थ एलिमेंटलचा करिश्मा 5, म्हणजे वजा तीन. नवव्या लेव्हलच्या विझार्डचा सेव्ह डीसी (समोरच्याला सुटायला गाठावा लागणारा आकडा) साधारण 16 असतो, मग त्याला वीसच्या फाशावर 19 किंवा 20 च लागतात. तुझा 'महिनाभर' मात्र सातव्या लेव्हलच्या स्लॉटला मिळतो, पाचव्याला फक्त 24 तास, सहाव्याला दहा दिवस, आठव्याला 180 दिवस आणि नवव्याला वर्ष आणि वर एक दिवस. आणि नावाबद्दल विचारलं नाहीस पण सांगते, बाइंडिंगमध्ये खऱ्या नावाचा काडीचा उपयोग नाही. तिथे चालते भाषा. बांधलेला प्राणी शब्दाला धरून हुकूम पाळतो, आणि मनातून तुझ्या विरोधात असेल तर त्याच शब्दांना पिळून स्वतःचं साधतो. आमच्यात एकाने सांगितलं की 'या दारातून कोणालाही आत येऊ देऊ नकोस' आणि स्वतः बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. पुढचा अर्धा तास तो स्वतःच्याच घराबाहेर. तेव्हापासून आमच्याकडे हुकूम वहीत लिहून, शेजारच्याकडून वाचून घेऊन मग देतात, आमच्यातली एक मुलगी लॉ करतेय तिला फार मागणी आहे.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. दर शनिवारी त्याचे मित्र येतात, हॉलमध्ये फरशीवर खडूने गोल काढतात आणि कसली कसली नावं घेऊन काहीतरी 'बोलावतात'. सासूबाई घाबरल्यात, मलाही थोडी धास्ती वाटते. ही नावं खरी असतात का हो? — एक आई, डोंबिवली

तुमची धास्ती समजते, बाहेरून ऐकलं तर ते भयंकरच वाटतं, मी आमच्या घरी पहिल्यांदा खेळले तेव्हा माझ्या आईने देवघरातला दिवा मुद्दाम मोठा केला होता.

नावांचं खरं सांगायचं तर काही जुनी आहेत. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात अशा याद्या निघाल्या होत्या, त्यातली एक योहान वायर नावाच्या डॉक्टरने 1577 मध्ये छापली, 69 नावांची, आणि हा माणूस स्वतः बायकांना चेटकीण म्हणून जाळण्याच्या विरोधात लिहिणारा होता. नंतरच्या एका यादीत ती 72 झाली. खेळ बनवणाऱ्यांनी त्यातली कानाला बरी वाटणारी नावं उचलली, जशी आपण सिरियलमधल्या राजाला पोथीतलं नाव देतो. बाकीची नावं सरळ कोणीतरी बसून बनवलेली असतात, बऱ्याचदा तुमच्या मुलानेच.

आणि ही भीती तुम्हालाच पहिल्यांदा वाटतेय असं नाही. हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत निघाला आणि 1980 च्या दशकात तिथे याच्यावरून रान पेटलं होतं, 1983 मध्ये एका आईनेच त्याच्या विरोधात संघटना काढली. कंपनी इतकी घाबरली की 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकले आणि पुढे त्यांना तनारी आणि बाटेझू अशी नवी नावं दिली. प्राणी तेच, शिंगं तीच. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावं परत आली आणि जगाचं काही बिघडलं नाही.

खडूचा गोल म्हणजे त्यांचा नकाशा आहे, त्यात कोण कुठे उभा ते मोजायचं असतं, एक घर पाच फुटांचं. एका शनिवारी चहा घेऊन तासभर तिथेच बसा. तुम्हाला दिसेल की एक मिनिट बोलावणं आणि पाऊण तास बेरीज-वजाबाकी आणि 'तू आधी म्हणाला नव्हतास' अशी भांडणं. त्यानंतरही मुलाची झोप उडतेय, एकटं राहायला घाबरतोय असं काही वाटलं तर मात्र त्याच्याशी सरळ बोला आणि गोष्ट थोडी हलकी ठेवायला त्याच्या डीएमला सांगा, चांगला डीएम लगेच ऐकतो. सासूबाईंना फासा टाकायला द्या एकदा. मी गंमत करत नाहीये.

प्रश्न: न्यू जर्सीच्या मामाने त्याची जुनी पुस्तकं दिली, त्यात 2006 चं एक आहे ज्यात ट्रूनेमर नावाचा क्लास (पात्राचा प्रकार) आहे, नावाने जादू करणारा. वाचून वेड लागलं. खेळू का? — पुणे 38

वाच, मनापासून वाच, खेळू नकोस. ही कल्पना म्हणजे अख्ख्या खेळात मला सगळ्यात जास्त आवडलेली, की जग एका भाषेत बोलून तयार झालंय आणि ती भाषा येणारा माणूस वस्तूला तिच्या नावाने दुरुस्त करू शकतो, आणि तिच्यावर बसवलेलं गणित इतकं फसलेलं की पुस्तक निघाल्यापासून लोक त्यावर हसतायत. बघ, समोरच्या प्राण्यावर नाव चालवायचं तर डीसी 15 अधिक त्याच्या चॅलेंज रेटिंगच्या (तो किती अवघड त्याच्या आकड्याच्या) दुप्पट. पहिल्या लेव्हलला रेटिंग 1 च्या प्राण्यासमोर 17, तुझ्याकडे रँक (कौशल्याचे गुण) 4, म्हणजे फाशावर 13 हवेत. चालेल. दहाव्या लेव्हलला रेटिंग 10 समोर डीसी 35, रँक 13, हवेत 22. विसाव्याला डीसी 55, रँक 23, हवेत 32. वीस बाजूंच्या फाशावर! बुद्धीचा बोनस आणि जादूच्या वस्तू जमवून लोक हे ओढूनताणून बसवतात, पण मुद्दा असा की तू जितका शिकशील तितका कच्चा होत जातोस. त्यात एकदा जमलेला उच्चार त्याच दिवशी परत करायचा तर डीसी दोनने वाढतो.

त्याच पुस्तकातला बाइंडर मात्र घे, तो खरंच छान आहे. देवांच्या पण हिशोबाबाहेर गेलेले काही उरलेसुरले जीव, त्यांची मुद्रा जमिनीवर काढायची, नावाने बोलवायचं, आणि तो दिवसभर तुझ्या अंगात राहतो, तू त्याची ताकद वापरतोस. आमोन, पायमोन, मालफस, ही नावं वर डोंबिवलीच्या ताईंना सांगितलेल्या याद्यांमधलीच. फासा चांगला पडला तर बरं, वाईट पडला तरी तो येतोच, पण मग त्याचा स्वभाव तुला लागतो आणि खूण लपवता येत नाही. आमोन आला की डोक्यावर मेंढ्यासारखी वळलेली शिंगं आणि दिवसभर चिडचिड, आणि तशाच अवस्थेत तुला नगरशेठच्या मुलीच्या लग्नाला जायचंय. यातून जे सेशन निघतात ते ट्रूनेमरच्या बेरजेतून कधीच निघणार नाहीत.

प्रश्न: कोकणातली भुतं डी अँड डीमध्ये आणायची आहेत. वेताळ, चकवा, मुंजा. वेताळाला बोलावून बांधता येईल असं काही बनवता येईल का? — कुडाळ

चकवा आण, मुंजा आण. चकव्याला तर स्टॅटब्लॉकची (ताकदीच्या आकड्यांच्या चौकटीची) पण गरज नाही, पार्टी पहाटेपर्यंत त्याच फणसाभोवती फिरत राहिली की झालं. वेताळाच्या बाबतीत मात्र थोडं थांब, तुला मी सांगायची गरज नाही, आरवली तुझ्या जवळ आहे. तिथल्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि हे एवढाले चपलांचे जोड वाहतात, रात्री गावाची राखण करतो म्हणून झिजतात असं म्हणतात. ज्याच्या पायातल्या चपलांची कोणी काळजी करतंय त्याला हिट पॉइंट्स देऊन पार्टीकडून मारून घेणं मला तरी जमत नाही. उद्या तुझ्या टेबलावर तिकडचाच एखादा मुलगा बसला तर त्याचं तोंड बघ.

गोष्टीतला वेताळ वेगळा, तो वापर. वेताळ पंचविशीची गोष्ट सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या काश्मिरी संस्कृत ग्रंथात येते आणि त्यातला करार मला सगळ्या युरोपियन रिंगणांपेक्षा भारी वाटतो. तिकडे नाव घेतलं की ताबा मिळतो, इजिप्तच्या गोष्टीतसुद्धा इसिस साप घडवून रा देवाला डसवते आणि विष उतरवायच्या बदल्यात त्याचं लपवलेलं नाव काढून घेते. विक्रमाच्या गोष्टीत उलटं. तोंड उघडलं की ताबा गेला, वेताळ परत झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं. आता हे डी अँड डीमध्ये टाकून बघ: बहुतेक स्पेलना तोंडाने मंत्र लागतो. म्हणजे ज्याच्या खांद्यावर ते मढं आहे तो विझार्ड मसणातून देवळापर्यंत एकही मंत्रवाला स्पेल टाकू शकत नाही, आणि वाटेत तू त्याच्यावर घुसडायचं ते सगळं घुसडू शकतोस. नाव वेताळ नको ठेवू, काहीही ठेव, 'तिन्हीसांजेचा पाहुणा' ठेव. नाव ठेवताना एवढंच बघ की रात्री साडेअकराला, चौथ्या तासाला, तोंडात वेफर्स असताना ते म्हणता आलं पाहिजे. जोडाक्षरांची माळ असलेली नावं डीएम दोन सेशननंतर स्वतःच चुकवतो.

प्रश्न: आम्ही शॅडोरन हा टेबलावरचा दुसरा खेळ खेळतो, तिथे स्पिरिट बोलावताना आमचा शमन दर वेळी बेशुद्ध पडतो. काही चुकतंय का? — मुंबई

लोभ चुकतोय. शॅडोरनच्या पाचव्या आवृत्तीत स्पिरिटचा फोर्स म्हणजे ताकद तुम्ही ठरवता, आणि स्पिरिटला विरोधात जेवढे हिट्स (जमलेले फासे) पडतील त्याच्या दुप्पट ड्रेन म्हणजे जादूचा थकवा तुमच्या अंगावर. फोर्स तुमच्या मॅजिकपेक्षा जास्त धरलात तर तो ड्रेन शरीराला लागतो. तुमचे हिट्स त्याच्यापेक्षा जितके जास्त तितकीच कामं तो करणार, म्हणजे फोर्स 8 चा राक्षस आणून एकच काम मिळण्यापेक्षा फोर्स 4 चे तीन कामं करणारे घ्या. नावाचा खेळ हवा असेल तर जुन्या आवृत्त्यांतले मोकळे सुटलेले स्पिरिट बघा, त्यांना खरं नाव असतं आणि ते ज्याच्या हाती लागतं त्याच्यापुढे त्यांना वाकावं लागतं.

प्रश्न: माझं घुबड तिसऱ्यांदा मेलं. दर वेळी नवीन नाव ठेवू की तेच? — रेंजर नाही, विझार्ड, कोल्हापूर

तेच ठेव, कारण 'फाइंड फॅमिलियर'मध्ये ते मरत नाही, नाहीसं होतं, आणि दहा नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती पितळेच्या शेगडीत जाळून तासभर बसलास की तोच स्पिरिट परत येतो. हवं तर या वेळी मांजर होऊन येईल. त्याला आधीचं सगळं आठवतं की नाही ते डीएमवर आहे, माझ्याकडे आठवतं, आणि ज्याने त्याला तीनदा सापळे तपासायला पुढे पाठवलं त्याच्या खांद्यावर ते आता बसत नाही.

प्रश्न: ताई, मी डीएम आहे आणि डेमनच्या खऱ्या नावाची चिठ्ठी मीच हरवली. मला नाव आठवत नाही. रविवारी सेशन आहे. — नाव छापू नका

खेळाडूंच्या वहीत बघ. त्यांना ते नाव लिहायची बंदी होती ना, म्हणजे किमान दोघांनी लिहिलेलं असणार.